थेंबदादांचे निदान

प्राध्यापकांनी फक्त एक वायसर बदलायचे ठरवले होते. नंतर त्यात एक दंतवैद्य, ग्राफपेपर आणि अत्यंत कडक भाषेतले एक पत्र गुंतत गेले ते सोडा, पण सुरुवात शर्टाच्या बटणाएवढ्या रबरी चकतीपासून झाली, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

स्वयंपाकघरातला नळ आठ महिने टपकत होता. त्याच्याखाली पत्नीने एक पातेले ठेवले होते आणि ते भरले की ती कुंड्यांना ओतत असे. त्या शुक्रवारी ती नऊ दिवसांसाठी धाकट्या बहिणीकडे निघाली. बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते. दारात चप्पल घालता घालता तिने सूचना दिल्या आणि शेवटची सूचना नेहमीचीच होती.

"आणि हो, नळाला हात लावू नका. मी रविवारी आले की बघू."

'हात लावू नका' या तीन शब्दांवर प्राध्यापकांचा एक्केचाळीस वर्षांचा संसार उभा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी कौतुकाने भांडी घासायला घेतली आणि दोन कप फोडले, तेव्हा हे शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले. मग त्यांची व्याप्ती इस्त्री, मिक्सर, ट्यूबलाइट असे करत करत जावयाच्या गाडीपर्यंत गेली. (या शब्दांचे काही फायदेही होते आणि ते प्राध्यापकांनी कधी नाकारले नाहीत. दोन कपांच्या बदल्यात एक्केचाळीस वर्षे भांड्यांतून सुटका, हा सौदा वाईट नव्हता.)

पण नळाची गोष्ट वेगळी होती. प्राध्यापकांनी चौतीस वर्षे पाणीच शिकवले होते. पाणी वाहते कसे, वळते कसे, दाबाखाली काय करते, यावर त्यांनी पुस्तक लिहिले होते आणि त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. (तिन्ही आवृत्त्यांना शुद्धिपत्रके त्यांनी स्वतःच जोडली होती. तिसऱ्या आवृत्तीत शुद्धिपत्रकालाही एक शुद्धिपत्रक होते.) तोटीच्या टोकाला थेंब का जमतो, कुठल्या क्षणी सुटतो, हे ते फळ्यावर पंचेचाळीस मिनिटे सांगू शकत. त्याला थांबवायचे कसे, हे मात्र त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

प्लंबरला बोलवायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी आलेल्या प्लंबरने सहज विचारले होते, "काका, तुम्ही काय करायचात?" आणि प्राध्यापक बेसावधपणे म्हणाले होते, "पाण्याचं शिकवायचो." त्यावर त्या भल्या माणसाने जागेवरून उठून मोठ्या आदराने हातातला पाना त्यांच्यापुढे धरला होता. तो पाना प्राध्यापकांच्या अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

पत्नी गेल्यावर घर शांत झाले आणि त्या शांततेत नळ बोलू लागला. टप. टप. मिनिटाला बेचाळीस. प्राध्यापकांनी एक दिवस ऐकले, दोन दिवस ऐकले, आणि तिसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन शोधाशोध केली. तिथे त्यांना तो ग्रुप सापडला.

ग्रुपचे नाव होते 'आपला नळ, आपला पाना'. सभासद अकरा हजार. सगळे एकमेकांना फुकट शिकवणारे. खरे नाव कुणी लावत नसे. चालवणारे होते 'पानामामा', निवृत्त प्लंबर. ग्रुपमध्ये तीन पायऱ्या होत्या. ज्याने अजून काहीच दुरुस्त केले नाही तो 'कोरडा'. एक काम केलेला 'ओला'. आणि दुसऱ्याला शिकवून त्याच्याकडून काम तडीस नेणारा 'चिंब'. नियम अगदी मोजके होते. विचारायला लाजायचे नाही. 'प्लंबरला बोलवा' असे उत्तर द्यायचे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा: जो शिकला, त्याने पुढच्या विचारणाऱ्याला हाताशी धरायचे आणि त्याचे काम होईपर्यंत सोडायचे नाही.

हा शेवटचा नियम प्राध्यापकांनी पुन्हा एकदा वाचला. चौतीस वर्षांत विद्यापीठाला हे सुचले नव्हते.

त्यांनी 'थेंब' हे नाव घेतले आणि पहिला प्रश्न लिहिला. तो चौदा ओळींचा झाला. पहिल्या पाच ओळींत त्यांनी प्रश्न विचारल्याबद्दल माफी मागितली, पुढच्या सहांत थेंबांचा वेग दिला, आणि शेवटी आपले काही चुकत असल्यास दुर्लक्ष करावे असे म्हटले.

'गॅस्केट' नावाच्या कुणीतरी लगेच लिहिले, "दादा, प्रश्न नक्की कुठल्या ओळीत आहे?"

पानामामांनी लिहिले, "त्याला छळू नकोस रे. थेंबा, फोटो टाक. आणि आधी सिंकखालचा कॉक बंद कर."

प्राध्यापक खुर्चीत सरळ बसले. त्यांना अरे-तुरे करणारे शेवटचे माणूस जाऊन सोळा वर्षे झाली होती. 'दादा' तर त्यांना पन्नास वर्षांत कुणी म्हटले नव्हते. या एका मिनिटात ते ज्येष्ठ नागरिकाचे एकदम होतकरू तरुण झाले.

पुढचा तासभर पानामामा बोलत होते आणि प्राध्यापक करत होते.

"डावीकडे फिरव."

"फिरत नाही, मामा."

"तुझ्या डावीकडे नाही. नळाच्या डावीकडे."

"नळाची डावी बाजू कुठली धरायची? म्हणजे त्याचं तोंड आपल्याकडे आहे असं मानलं तर..."

"मानू नको काही. फिरव."

मध्ये एकदा पाण्याचा फवारा थेट छतापर्यंत गेला, कारण प्राध्यापकांनी बंद केलेला कॉक बाथरूमचा होता. पण शेवटी नळातून झिजलेले, चपटे वायसर बाहेर आले, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले नवे आत बसले, आणि नळ बंद केल्यावर तोटीच्या टोकावर एक थेंब जमला, थरथरला आणि सुटलाच नाही.

प्राध्यापक त्याच्याकडे सात मिनिटे बघत राहिले. मग त्यांनी कोरड्या तोटीचा फोटो टाकला. त्र्याहत्तर जणांनी अंगठे दाखवले. गॅस्केटनेसुद्धा लिहिले, "वा, दादा. एक्का." पानामामांनी जाहीर केले, "थेंब आजपासून ओला." (ते डोक्यापासून मोज्यांपर्यंत होतेच.)

त्या दिवसापासून प्राध्यापकांच्या अंगात वारे शिरले. ते दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात जात, नळ उघडत, बंद करत, कान लावत आणि परत येत. पण नुसता नळ सोडणे त्यांच्या मनाला पटेना. पाणी वाया जाते. काहीतरी कारण हवे. म्हणून ते भांडी घासू लागले. सकाळी सात वाजता, दुपारी दीडला, संध्याकाळी सातला. एकच ताट असले तरी ते पाचदा विसळत, का तर पाचदा नळ बंद करता येई. आपण बंद केलेला नळ बंद राहतो, या सुखाला त्यांच्या पुस्तकात समीकरण नव्हते.

आणि अशा भरात माणूस एका दुरुस्तीवर थांबत नाही. सिंकखालच्या कपाटात वाकून बघताना त्यांना सांडपाण्याच्या पाइपावरची प्लॅस्टिकची जाड पांढरी चकरी दिसली. ती गळत नव्हती. पण उद्या गळली तर? प्राध्यापकांच्या स्वभावात हा 'उद्या' फार मोठा होता. हातात पाना होताच. त्यांनी पाना लावला आणि खात्रीसाठी एक फेरा दिला. मग खात्रीच्या खात्रीसाठी अर्धा. चकरी 'कट्' अशी बोलली. प्राध्यापकांना वाटले, समाधानाने बोलली. पाना पुसून ते शीळ घालत बाहेर आले.

बुधवारी संध्याकाळी ग्रुपवर प्रश्न आला. विचारणाऱ्याचे नाव 'अक्कलदाढ'.

"माझ्या स्वयंपाकघरात छतातून पाणी ठिबकतं आहे. कालपासून. काय करू? मी अगदी कोरडी आहे, म्हणजे ग्रुपच्या अर्थाने. घर ओलं आहे."

पानामामांनी यादी पाहिली. "थेंबा, तुझी पाळी. धर हात."

प्राध्यापकांनी तो निरोप दोनदा वाचला. एका वायसरच्या जोरावर आपण कुणाला काय शिकवणार? तीन वेळा उत्तर लिहून त्यांनी तीन वेळा पुसले. मग त्यांना आठवले, की आपल्याला दुरुस्ती येत नसली तरी मोजमाप येते.

त्यांनी लिहिले, "सर्वप्रथम घाबरू नका. घाबरण्याचे काम मी करतो. आपण थेंबाखाली भांडे ठेवा आणि किती वाजता किती पाणी साचते, हे लिहून मला कळवा."

गुरुवारी रात्रीच्या जेवणाआधी आकडे आले. प्राध्यापकांनी ते वाचले आणि त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"सकाळी ७.०४ ते ७.३१, साडेएकोणीस मिलिलिटर. दुपारी १.३३ ते १.५०, बारा. संध्याकाळी ७.०२ ते ७.४०, सव्वीस. मधल्या वेळात शून्य. सिरिंजने मोजलं आहे."

चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना इतकी नेमकी नोंद आणून दिली नव्हती. (घरात सिरिंज कशी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. उत्तम आकडे मिळाल्यावर ते कुठून आले हे विचारणे त्यांना असभ्य वाटे.) त्यांनी कपाटातून ग्राफपेपर काढला, पेन्सिलीला टोक केले आणि तीन टेकड्या काढल्या. शुक्रवारी आणखी तीन. शनिवारी दुपारपर्यंत आणखी दोन. सगळ्या टेकड्या एकीखाली एक अशा बसल्या, की प्राध्यापकांना उभे राहवेना आणि बसवेना. त्यांनी तो कागद स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दारावर चिकटवला आणि जाता येता बघत राहिले.

"निदान झाले," त्यांनी लिहिले. "ही छताची गळती नाही, आणि पाण्याच्या मुख्य पाइपाचीही नाही. ती असती तर अखंड झाली असती. आपल्या वरच्या मजल्यावर दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी, भांडी घासली जातात. फक्त त्याच वेळी पाणी येते. अर्थात, वरच्यांच्या सिंकखालचा सांडपाण्याचा सांधा फुटला आहे. तो मागच्या बाजूने फुटला असावा. पाणी पाइपाला धरून जमिनीतल्या भोकातून खाली उतरत असेल, म्हणून वरच्या माणसाला पत्ता नाही."

ग्रुपमध्ये खळबळ उडाली. पानामामांनी लिहिले, "थेंबा, न बघता? मी पस्तीस वर्षं छतं फोडून हेच शोधलं रे." गॅस्केटने लिहिले, "दादा, माझ्या बायकोचंही जरा निदान करा. तीही ठरल्या वेळीच गरजते."

प्राध्यापकांना आता आवरणे कठीण होते. "इतकेच नव्हे," त्यांनी पुढे लिहिले, "हा सांधा आपोआप फुटत नाही. पितळेला पाना आणि प्लॅस्टिकला हात, असे मामांनी आम्हाला परवाच शिकवले." (ते मामांनी मंगळवारी शिकवले होते. चकरी सोमवारी फिरली होती. या दोन वारांची प्राध्यापकांच्या मनात भेट झाली नाही.) "कुणीतरी अतिउत्साही माणसाने प्लॅस्टिकवर लोखंडी पाना चालवला आहे. वर कोण राहते?"

अक्कलदाढने लिहिले, "एक वयस्कर काका आहेत. मी इथे राहायला येऊन दोनच महिने झाले, फारशी ओळख नाही. विद्वान वाटतात. जिन्यात भेटले की ते बाजूला होतात, मग आपण चुकीच्या बाजूला झालो असं वाटून दुसऱ्या बाजूला होतात, आणि शेवटी मीच परत खाली जाऊन त्यांना वाट देते."

"अशी माणसे मी जवळून पाहिली आहेत," प्राध्यापकांनी उत्तर दिले. "त्यांच्या हाती पाना देणे धोक्याचे."

जन्मभर या माणसाने प्रत्येक गोष्टीत आधी स्वतःवर संशय घेतला होता. रस्त्यात कुणी 'चोर, चोर' ओरडले की त्यांचा हात आधी स्वतःच्या खिशाकडे जाई, चुकून आपणच काही उचलले नाही ना, हे बघायला. पण या एका प्रकरणात, जिथे आठ टेकड्या त्यांच्याच कपाटाच्या दारावर चिकटल्या होत्या, तिथे त्यांना स्वतःचा संशय आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खात्री होती.

अक्कलदाढ संकोची होती. "वर जाऊन काय सांगू? रागावले तर?"

"आपण बोलू नका. पत्र द्या. मसुदा मी करतो."

शनिवारची संध्याकाळ त्यांनी मसुद्यात घालवली. चार वेळा बदलला. "आणि एक नवी चकरी आधीच विकत आणून ठेवा," त्यांनी शेवटी बजावले. "मापे खाली दिली आहेत. त्यांच्यावर सोपवलेत तर ते नक्की चुकीच्या मापाची आणतील."

रविवारी सकाळी दहा वाजता दाराची बेल वाजली. पत्नी अकराला यायची होती. प्राध्यापकांनी नळ पुसून चकचकीत करून ठेवला होता. तिने फक्त एकदा नळ बंद करावा, कान द्यावा, आणि ते तीन शब्द मागे घ्यावेत, एवढ्यासाठी आठवडाभराची धडपड होती. त्यांनी दार उघडले. दारात खालच्या मजल्यावरची डॉक्टरीणबाई उभी होती, दातांची. एका हातात पिशवी, एका हातात कागद. प्राध्यापक सवयीने बाजूला झाले. मग दुसऱ्या बाजूला झाले.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "तुमच्यासाठी पत्र आहे."

प्राध्यापकांनी पत्र वाचायला घेतले.

'महोदय, आपण आपल्या सिंकखालील प्लॅस्टिकच्या सांध्यावर लोखंडी पाना चालवला आहे, हे मला येथे खाली बसून स्वच्छ दिसते. उत्साह हा गुण आहे; परंतु ज्ञानाशिवायचा उत्साह म्हणजे वासराच्या गळ्यात बांधलेली घागर होय. आपण सुशिक्षित दिसता. तरीही...'

अर्धविरामापाशी त्यांना घाम फुटला. आजकाल अर्धविराम कोण वापरते? वासराच्या गळ्यातली घागर तर त्यांनी काल संध्याकाळी सहा वीसला, चहा पिता पिता, स्वतः बांधली होती. ते भिंतीला टेकले. डोळ्यांसमोर आठ टेकड्या एकामागून एक उभ्या राहिल्या. सात. दीड. सात.

"भाषा जरा कडक आहे ना?" डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाली. "मी नाही लिहिलं. आमच्या शिकायच्या ग्रुपवर एक थेंबदादा आहेत. फार अभ्यासू. फक्त वरच्या मजल्यावरच्या माणसांवर त्यांचा राग दिसतो."

"असेल," प्राध्यापक म्हणाले. "काही... काही पूर्वीचं असेल."

"बघू का मी तुमचं सिंक?"

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचली होती. कपाट उघडून ती खाली बसली, पिशवीतून दांडीचा छोटा गोल आरसा काढला आणि चकरीच्या मागे धरला. "आ करा," ती सवयीने कपाटाला म्हणाली. मग तिने शीळ घातली. "दादा ग्रेट आहेत. बरोब्बर मागच्या बाजूने तडा. बघा, काका."

काकांनी बघितले. आरशात तडा दिसला, आणि तडा दिसावा म्हणून वाकल्यावर स्वतःचा चेहराही.

"थांबा, दादांना फोटो पाठवते."

तिने फोटो पाठवला. फ्रिजवर ठेवलेला प्राध्यापकांचा फोन 'टिंग' वाजला.

प्राध्यापक खोकले.

'तुमचं निदान खरं निघालं. आता पुढे काय?' तिने मोठ्याने म्हणत लिहिले. टिंग. प्राध्यापक पुन्हा खोकले, पण या वेळी जरा उशिरा.

"काका, तुमचा फोन वाजतोय."

"वाजू दे. महत्त्वाचं नसतं कधी."

"बघा तरी. काकू असतील."

"काकू टिंग करत नाही," प्राध्यापक म्हणाले, आणि ते खरे होते.

डॉक्टरीणबाईने एकदा फ्रिजकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. मग फोनवर एक टिंब पाठवले. टिंग. आणखी एक. टिंग. ती सावकाश मान वळवू लागली, तशी तिची नजर कपाटाच्या दारावरच्या कागदावर गेली. त्यावर तिचे साडेएकोणीस मिलिलिटर लाल शाईत, चौकटीत होते.

"थेंबदादा?"

प्राध्यापकांनी मान खाली घातली. "हो. म्हणजे बहुधा. म्हणजे शक्यता बरीच आहे."

ती जमिनीवरच बसली आणि पोट धरून हसली. हसता हसता तिचा आरसा सिंकखाली घरंगळला. प्राध्यापकांना वाटले, आता ओरडेल. ओरडली असती तर बरे वाटले असते. ओरडा खाण्याची त्यांना सवय होती.

"मी कालपासून विचार करत होते," ती डोळे पुसत म्हणाली, "की थेंबदादांना वरच्या काकांची इतकी माहिती कशी."

"मी दिलगीर आहे. छताचं रंगकाम मी करून देईन. म्हणजे करून घेईन. मी हात लावणार नाही."

"ते बघू. आधी नियम काय? काम होईपर्यंत सोडायचं नाही. तुम्ही माझा हात धरलाय, दादा. शिकवा."

"तूच करणार?"

"मग? तुमच्या हाती पाना देणं धोक्याचं आहे. लेखी आहे माझ्याकडे."

प्राध्यापक स्टुलावर बसले आणि टॉर्च धरून शिकवू लागले. आणि काय सांगावे, पहिल्या दोन वाक्यांतच त्यांचा घसा मोकळा झाला. हिला सांगायला वेळ लागत नव्हता. अंधाऱ्या, ओल्या, अडचणीच्या जागेत दोन बोटांनी काम करणे हा तिचा रोजचा धंदा. जुनी चकरी निघाली, नवी बसली. (माप अचूक निघाले. त्याबद्दल वरच्या काकांनी थेंबदादांचे मनातल्या मनात आभार मानले.)

"हाताने आवळ. पुरे. आता पुरे. अजून थोडं वाटतंय ना? ते जे वाटतंय, त्यालाच बळी पडू नकोस. मी पडलो."

तिने नळ सोडला. सिंक भरून वाहू दिले. दोघांनी आरसा लावला, टॉर्च मारली, पाइपाला कोरडा कागद गुंडाळून पाहिला. कागद कोरडा. तिने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. प्राध्यापकांच्या अंगावर काटा आला. अगदी त्या पहिल्या दिवसासारखा.

आणि दारात किल्ली फिरली.

पत्नी हातातली बॅग खाली न ठेवता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. खालच्या मजल्यावरची डॉक्टरीण कमरेपर्यंत कपाटात. नवरा स्टुलावर, हातात टॉर्च.

"काय मोडलंत?" ती म्हणाली.

"काकू, आता काही मोडलेलं नाही," कपाटातून आवाज आला. मग डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि तिने सगळे सांगितले. काही लपवले नाही, फक्त वासराची घागर गाळली. प्राध्यापकांनी ती नोंदवून ठेवली. असा विद्यार्थी जन्मात एकदा मिळतो.

पत्नीने सगळे ऐकून घेतले. मग ती सिंकपाशी गेली. पातेले उचलून बघितले, ते रिकामे होते. तिने नळ उघडला, बंद केला, वाकून कान दिला. एक मिनिट गेले. थेंब जमला, थरथरला आणि थांबला.

"हा कुणी केला?"

"मी," प्राध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज सोळा वर्षांच्या मुलासारखा चिरकला.

"स्वतः?"

"मामांनी सांगितलं. हात माझे."

तिने त्यांच्या हातांकडे पाहिले. अंगठ्याला पट्टी होती, नखांत काळे होते. "छान झालाय हो," ती म्हणाली.

एवढेच. पण एक्केचाळीस वर्षांनी. प्राध्यापकांनी घाईघाईने टॉर्च बंद केली. फ्रिजवर टिंग वाजले. पानामामांचा निरोप होता. 'थेंब आजपासून चिंब. तडा कुणी पाडला त्याची चौकशी नंतर.'

"आणि हे काय लावलंय?" पत्नीने चष्मा चढवला. ती कपाटाच्या दारावरचा कागद बघत होती. "हे डोंगर कसले?"

प्राध्यापक काही बोलणार, तोच त्यांची गुणी विद्यार्थिनी पुढे झाली. "ते काकांनी भांडी घासली त्याच्या वेळा आहेत, काकू. सकाळी सात, दुपारी दीड, संध्याकाळी सात. एकही खाडा नाही. आणि उंची म्हणजे किती वेळ घासली ते."

पत्नीने एकेका डोंगरावर बोट ठेवत मोजले. मग ओट्यावरच्या कपांकडे पाहिले. सगळे जागच्या जागी होते. एकाचाही कान उडालेला नव्हता.

"म्हणजे भांडी घासता येतात तर," ती म्हणाली.

प्राध्यापकांनी डॉक्टरीणबाईकडे पाहिले. ती आरसा पुसण्यात गर्क झाली होती.

पत्नीने बॅग खाली ठेवली, तिच्यातून प्रवासातला डबा, दोन वाट्या आणि चहाचा कप काढून सिंकमध्ये ठेवला, आणि तो कागद दारावर नीट चापून बसवला.

"कागद असाच राहू दे," ती म्हणाली. "आणि बरं का, या भांड्यांना मात्र तुम्ही खुशाल हात लावा."